हैदराबादची नाकेबंदी व करोडगिरीचें दप्तर

ता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं हिंदुस्थान सरकार व निजाम यांच्यांत ‘जैसे थे’ करार झाला. त्यान्वयें परराष्ट्रव्यवहार हिंदुस्थानाकडेच राहिला. तथापि निजामसरकारनें मौल्यवान धातूंची निर्यात रोखली, हिंदी चलन अग्राह्य ठरविलें व पाकिस्तानास वीस कोटींचें कर्ज देऊं केलें. पुढें सरहद्दीवर माल अडूं लागला. संस्थानास समुद्र नव्हता. औरंगाबादेची (आजचें छत्रपती संभाजीनगर) पश्चिमेकडील आगगाडीही मनमाडाहून, म्हणजे मुंबई इलाख्यांतून येई. शस्त्रें कराचीहून विमानांनीं चोरून आणावीं लागलीं. अखेर कौटिल्य ज्यास ‘उदासीन’ म्हणतो अशा तिऱ्हाइतांचा आश्रय शोधीत निजामानें ता. २१ ऑगस्ट १९४८ रोजीं सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. ती ता. १६ सप्टेंबरास विचारार्थ निघाली. दुसऱ्याच दिवशीं संस्थान शरण आलें.

निजामपक्ष या अडवणुकीस नाकेबंदी म्हणे. हिंदुस्थान सरकार तें नाकारी. केवळ उभयतांच्या खलित्यांवरून या वादाचा निर्णय होणार नाहीं. कोणता माल, कोणत्या दिवशीं, कोणाच्या हुकमावरून अडला, हें नाक्यावरील कागदच सांगतील. यास्तव मोडी सनदा जपणाऱ्या संग्राहकांनीं सरहद्दीवरील आडत्यांच्या वह्या, मालाचे परवाने व निजामी जकातखात्याचे, म्हणजे करोडगिरीचे, उर्दू कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत. इतिहासास तेही सनदांइतकेच प्रमाण होत.