तुनह्वांगची किल्ली

परदेश पाहून आलेला मनुष्य गावात परतला की लोक त्याला पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय काय पाहिलंत?’ असा. ‘काय पाहू दिले नाही?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. चीनच्या सांस्कृतिक वारशाचा विचार करताना आम्हांला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर पेकिंगच्या राजवाड्यापेक्षा किंवा मोठ्या भिंतीपेक्षा वायव्येकडील कान्सू प्रांतातल्या तुनह्वांग या वाळवंटी गावी जावे लागते.

तुनह्वांग हे जुन्या रेशीम-मार्गावरचे नाके. गावापासून काही कोसांवर मोगाओ नावाची दरड आहे. एका भिक्षूने इ. स. ३६६ मध्ये तेथे पहिले लेणे कोरविले, अशी परंपरा आहे. पुढे चौदाव्या शतकापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक हजार वर्षे, राजे, व्यापारी, सैनिक आणि साधे गृहस्थ तेथे लेणी कोरवीत आणि रंगवीत राहिले. आज लहानमोठी ७३५ लेणी मोजली जातात. त्यांतील ४९२ लेण्यांत चित्रे वा मूर्ती आहेत आणि रंगविलेल्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर भरते. बुद्ध आमच्या देशातून तेथे गेला. पण त्या भिंतींवरचे वाडे, गाड्या, नर्तकी आणि नांगरणी करणारे शेतकरी मात्र चिनी आहेत.

या ठिकाणी एकट्याने हिंडता येत नाही. प्रवाशाला आधी लेण्यांपासून दूर असलेल्या एका नव्या इमारतीत दोन चित्रपट दाखवितात. मग गाडीने दरडीपाशी नेतात. तेथे वीस-पंचवीस जणांचा एकेक गट करून तो मार्गदर्शकाच्या हवाली करतात. मार्गदर्शकाच्या एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात विजेरी. नेहमीच्या तिकिटावर साधारणपणे आठ लेणी दाखविली जातात. मार्गदर्शक कुलूप काढतो, आत नेतो, विजेरीचा झोत एखाद्या चेहऱ्यावर धरतो, चार गोष्टी सांगतो, बाहेर आणतो आणि पुन्हा कुलूप लावतो. आत छायाचित्र घ्यायचे नाही. अशी तिकिटे दिवसाला सहा हजारांहून अधिक दिली जात नाहीत. हजारो मैल तुडवीत आलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटणे स्वाभाविक आहे. पैसे मोजून शेकडो लेण्यांतली आठच पाहायची, तीही दुसऱ्याच्या उजेडात!

परंतु ही किल्ली कोठून आली, हे इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही लेणी बेवारस होती. वांग युआनलू नावाचा एक ताओपंथी साधू आपण होऊन त्यांची राखण करीत असे. १९०० साली वाळू उपसताना आज सोळावे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्याच्या वाटेत त्याला एक लपविलेले दार सापडले. आत आठ-नऊ फूट लांबीरुंदीची कोठडी होती आणि ती हस्तलिखितांनी गच्च भरलेली होती. अकराव्या शतकाच्या आरंभी बंद केलेल्या त्या कोठडीत चिनी, तिबेटी, संस्कृत, उइगूर अशा अनेक भाषांतले हजारो कागद होते. सूत्रे होती, तशी करारपत्रे, पंचांगे आणि शाळकरी मुलांचे गिरविलेले धडेही होते.

१९०७ साली ऑरेल स्टाइन तेथे पोहोचला. वांग कागद द्यायला कचरत होता. या साधूची ह्युएन-त्संगवर अपार भक्ती आहे, हे स्टाइनने हेरले आणि आपणही त्या यात्रिकाचेच भक्त असून त्याच्याच वाटेने हिंदुस्थानातून आलो आहोत, असे त्याला सांगितले. साधू विरघळला. देवळाच्या दुरुस्तीसाठी थोडी चांदी घेऊन त्याने हस्तलिखितांच्या २४ आणि चित्रांच्या व इतर वस्तूंच्या ५ पेट्या जाऊ दिल्या. त्यांत इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र होते. छपाईची तारीख असलेले हे जगातील सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक मानले जाते. एका मुलाने आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ, फुकट वाटण्यासाठी ते छापविले होते! आज ते लंडनला आहे. पुढच्याच वर्षी पॉल पेलिओ आला आणि त्याने निवडक भाग पॅरिसला नेला. १९२४ साली लँग्डन वॉर्नर या अमेरिकनाने तर भिंतींवरची चित्रेच सोलून नेली.

यात आपलाही धागा गुंतलेला आहे. स्टाइनच्या त्या मोहिमेच्या खर्चाचे पाचांतले तीन वाटे तत्कालीन हिंदुस्थान सरकारने उचलले होते. म्हणूनच तुनह्वांगची काही चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तो पैसा आमच्या आजोबा-पणजोबांच्या शेतसाऱ्यातलाही होता. तेव्हा लंडनकडे बोट दाखविताना आपला हात थोडा आखडता घ्यावा, हे बरे.

स्टाइनच्या बाजूने असे म्हटले जाते की, त्याने नेले म्हणून ते वाचले. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १९१० साली उरलेले कागद पेकिंगला नेताना वाटेत पुष्कळ गहाळ झाले. १९२१ साली रशियातून पळून आलेल्या सैनिकांना या लेण्यांत ठेवले होते. त्यांच्या चुलींनी काळवंडलेल्या भिंती आजही दिसतात. पण घराला राखणदार नाही, यावर घरातली चीजवस्तू उचलून नेणे हा उपाय नव्हे. राखणदार नेमणे हा उपाय होय, आणि तो पुढे झाला. चांग शूहोंग हा चिनी चित्रकार पॅरिसमध्ये शिकत होता. तेथे पेलिओच्या ग्रंथातली छायाचित्रे पाहून त्याला आपल्याच देशातल्या या लेण्यांची ओळख पटली. १९४४ साली स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेचा तो पहिला संचालक झाला. वाळू उपसणे, भिंत घालणे, झाडे लावणे, चित्रांच्या नकला करणे, यांत त्याची उमर गेली. त्याच्यामागून १९६३ साली आलेल्या फान चिनशी या विदुषीने प्रवाशांची संख्या मर्यादित करण्याचा आग्रह धरला, कारण आता धोका चोरांचा नव्हता, चाहत्यांचा होता. माणसाच्या श्वासातला ओलावा भिंतीत मुरतो, आतले क्षार विरघळतात, पुन्हा सुकून फुगतात आणि रंगाचा पोपडा सुटतो. चित्र सोलणारा वॉर्नर एकच होता. नुसते श्वास घेणारे लाखो आहेत.

वारसा पाहायला जाणाऱ्याने तेथून काय आणावे, हा खरा प्रश्न आहे. ज्या ह्युएन-त्संगचे नाव घेऊन स्टाइनने पेट्या भरल्या, त्यानेही ग्रंथ नेले होते. तो सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. ६४५ साली तो मायदेशी पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. पण नेण्यापूर्वी तो नालंदेत शीलभद्राच्या पायाशी बसून शिकला होता, आणि नेल्यावर उरलेले सारे आयुष्य त्याने भाषांतरात घालविले. दोघांनीही ग्रंथच नेले. एकाने आधी शिष्यत्व पत्करले, दुसऱ्याने भोळ्या भक्तीचा फायदा घेतला.

आमच्या अजिंठ्याची गोष्ट निराळी नाही. १८१९ साली तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. १९२० नंतर निजाम सरकारने सद्हेतूने इटालियन कारागीर आणविले. त्यांनी चित्रांवर दिलेले रोगणच पुढे काळवंडले. म्हणजे गर्वाने जशी हानी होते तशी प्रेमानेही होते. म्हणून अजिंठ्याला रखवालदार ‘पुढे चला’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. आपण आठच लेणी पाहिली म्हणून तुनह्वांगची उरलेली लेणी आपल्या नातवंडांना पाहायला मिळणार आहेत. मार्गदर्शक कुलूप लावतो ते त्यांच्यासाठी.