बिंदू, दिगंबरराव

हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते, वकील, पुढे हैदराबाद राज्याचे गृहमंत्री. मूळचे नांदेड जिल्ह्यातले.

निजामी राजवटीत कोर्टाचे कामकाज उर्दूत चाले आणि सभा-संमेलनांवर निर्बंध घालणाऱ्या गश्ती (परिपत्रक) क्र. 53 चा पहारा असे. सरकारशी त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच कायद्याने भांडू शकणारा वर्ग वकिलांचा. त्यामुळे संस्थानातील मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद आणि हैदराबाद स्टेट काँग्रेस या दोन्हींची धुरा बरीचशी त्यांच्याकडे आली. बिंदू त्यांपैकी प्रमुख.

15 ऑगस्ट 1947 रोजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या हद्दीबाहेरून लढा चालवण्यासाठी कृतिसमिती नेमली. तिचे अध्यक्षपद बिंदू यांच्याकडे होते. उमरखेड, बार्शी, गदग अशा सरहद्दीवरच्या गावांत केंद्रे उभी राहिली. तिथे तरुणांना शस्त्रे चालवायला शिकवत. करोडगिरी (जकात) नाकी आणि पोलीस ठाणी हे त्यांचे लक्ष्य. 30 जानेवारी 1948 रोजी उमरी (जि. नांदेड) येथील बँकेवर छापा पडून सुमारे 20 लाख रुपये हाती आले. हा पैसा केंद्रांच्या खर्चासाठी होता आणि त्याचा हिशेब ठेवला गेला. सत्याग्रही संघटनेने शस्त्र उचलावे का, यावर नेत्यांत एकमत नव्हते. रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र दलाच्या अत्याचारांच्या निषेधार्थ संस्थानातील अनेक वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला. कायद्याने जगणाऱ्यांनी तो सोडावा, अशी वेळ आली होती. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत या बहिष्काराला मिळालेली जागा फारच अपुरी आहे.

रझाकारांचा सेनानी कासीम रझवी हाही वकीलच, लातूरचा. नांदेड आणि लातूर या कोर्टकचेरीच्या दोन गावांशी नाते असलेले दोन वकील एकाच लढाईत समोरासमोर उभे होते, ही बाब नोंदवायलाच हवी.

13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले.

1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात बिंदू गृहमंत्री झाले. कालपर्यंत ठाण्यांवर छापे घालणाऱ्या लढ्याच्या प्रमुखाकडे आता तीच ठाणी आली. त्याच वर्षी सप्टेंबरात नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य मागणाऱ्या मुल्की आंदोलनात हैदराबाद शहरात पोलिसांनी गोळीबार केला. विद्यार्थी दगावले, न्या. पिंगळे जगनमोहन रेड्डी यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. गृहखात्याच्या जबाबदारीविषयी मतभेद आहेत.



लष्करी कारवाईनंतर तुरुंगात गेलेल्या कासीम रझवीची 1957 मध्ये सुटका झाली व तो पाकिस्तानात गेला. त्याआधीच, 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता.