बंदुकीचा परवाना आणि न मांडलेला हिशेब

भंडारा जिल्ह्यात बंदूक म्हटले की वडीलधाऱ्या मंडळींना आठवते ती ठासणीची बंदूक. धानाच्या लोंब्या भरू लागल्या की रात्री रानडुकरे बांधीत उतरत. मग मचाणावरून हाकारे, डबे बडवणे, आणि गावात ज्याच्याकडे परवाना असेल त्याचा एखादा बार. तो बार बहुधा आकाशात जाई. डुकरे पळत, धान वाचे, आणि त्या रात्रीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे. आज मला बोलायचे आहे ते या न झालेल्या नोंदीविषयी. सामान्य नागरिकाने बंदुकीच्या साहाय्याने आपले वा दुसऱ्याचे रक्षण किती वेळा केले, हा प्रश्न दिसतो सोपा. पण त्याचे उत्तर देताना भल्याभल्यांची गफलत झालेली आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने प्रत्येक माणसाचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि त्या हक्काचे साधन परवान्याच्या कुलुपात गेले. युरोपियनांना त्यातून सूट होती. हिंदी माणसाने मात्र अर्ज करावा, असा न्याय होता. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. तो थोड्याच वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा स्वराज्य येऊनही टिकला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला.

या काळात सरकार आकडे ठेवीत नव्हते असे नाही. हिंस्र पशूंनी आणि सापांनी किती माणसे मारली, किती गुरे गेली, किती पशू मारले गेले आणि त्यापायी किती बक्षिसे वाटली, याची कोष्टके दरसाल छापली जात. मेलेला माणूस मोजता येतो, मेलेला वाघ मोजता येतो. पण बार ऐकून वाघ मागे फिरला आणि गुराखी संध्याकाळी घरी जेवायला बसला, तर कोष्टकात कोणता आकडा घालावा? टळलेल्या संकटाला रकानाच नव्हता.

म्हणूनच १९४८ च्या डिसेंबरात घटना परिषदेत हा प्रश्न निघाला तेव्हा दोन्ही पक्षांच्या हाती आकडा नव्हता. शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत असावा, अशी उपसूचना हरि विष्णु कामत यांनी मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. कामत हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, आणि आपला जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता. उत्तर दिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविणारे तेच बाबासाहेब. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र घेण्याचा हक्क मिळाला तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांच्या उत्तराचा आशय. उपसूचना फेटाळली गेली. हा निर्णय तत्त्वावर झाला, गणितावर नव्हे.

मग गणित कोणी केलेच नाही काय? अमेरिकेत ते झाले, आणि त्याची कथा बोधप्रद आहे. १९९३ साली क्लेक आणि गर्ट्झ या दोन संशोधकांनी सुमारे ५,००० माणसांना दूरध्वनीवरून विचारले, की गेल्या वर्षभरात तुम्ही बंदुकीने स्वतःचे रक्षण केले काय? शेकडा सव्वाच्या आसपास लोक होय म्हणाले. त्यावरून साऱ्या देशाचा हिशेब करून त्यांनी १९९५ साली वर्षाला सुमारे २५ लाख प्रसंग, असा अंदाज छापला. उलट, सरकारी पाहणीत गुन्ह्याला बळी पडल्याचे सांगणाऱ्यांनाच पुढचा प्रश्न विचारीत. तिच्यातून निघणारा आकडा लाखाच्या आसपास वा त्याहूनही खाली राही. एकच देश, एकच प्रश्न, आणि उत्तरांत पंचवीस पटींचे अंतर!

ही किमया कशी घडते ते आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. समजा, आठवडी बाजारात १,००० माणसांना विचारले, की यंदा तुम्हाला वाघ दिसला काय? खरोखर पाहिला एकाने. पण दहा जणांनी तीन वर्षांपूर्वीचा वाघ यंदाचा म्हणून सांगितला, किंवा तडस पाहून वाघ म्हटले. त्यांच्या मनात लबाडी नाही. तरी एकाचे अकरा झाले. विरळ गोष्ट मोजताना थोडी चूकही खऱ्या संख्येला गिळते. क्लेक यांच्या अंदाजावर हेमेनवे या संशोधकाने १९९७ साली घेतलेला आक्षेप मुख्यतः हाच होता. अर्थात सरकारी पाहणीतही ज्याने गुन्हा सांगितलाच नाही त्याचा बार सुटून जातो, हे क्लेक यांच्या बाजूचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही.

आता घरी येऊ. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने जनावर मारले तर तो गुन्हा नाही, असे ठरविले. पिकाला मात्र ती सवलत नाही. आणि दरम्यान काळही बदलला. भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मिळून १३ माणसे मारणारा वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात पकडला गेला, तो वनखात्याने बेशुद्धीचे औषध मारून. रक्षणाचे काम पुष्कळसे गावकऱ्याच्या हातून खात्याच्या हाती गेले आहे.

हे बरे झाले की वाईट, यावर गावोगाव वाद होतील आणि व्हावेत. जंगलाकाठच्या शेतकऱ्याची रात्र ही खरी आहे, आणि परवान्याची बंदूक घरच्या भांडणात निघण्याची धास्तीही खरी आहे. पण कोणी ठासून सांगू लागला, की बंदुकीने इतके हजार जीव वाचले, किंवा एकही वाचला नाही, तर त्याला विचारावे : बाबा, मोजले कोणी आणि प्रश्न कोणता विचारला? २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाच्या अर्जात, या पाच वर्षांत बार किती वेळा, कशासाठी आणि कुणावर काढला, एवढा एक रकाना वाढविला तर? त्यातही चुका होतील. कोणी लपवील, कोणी फुगवील. तथापि पोलिसांच्या पंचनाम्याशी आणि वनखात्याच्या नुकसानभरपाईच्या कागदांशी तो ताडून पाहता येईल. दीडशे वर्षांच्या आसपास पोचलेल्या या वादाला तेवढा तरी पाया मिळावा, एवढेच माझे मागणे आहे.