जहाज कोणाकडे निघाले होते?



श्रीमंत देशांनी आफ्रिकेला जी मदत केली, तिच्यामागचे हेतू काय आणि तिचे फळ काय, हा विषय मंडळाने यंदा माझ्याकडे सोपवला. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहास हा माझा दवाखाना बंद झाल्यानंतरचा छंद. आफ्रिकेत मी कधी पाऊल ठेवलेले नाही. म्हणून आधी आपल्याच गावची मदतीची एक गोष्ट घेतो. ती नीट तपासली की आफ्रिकेचा विषय हाताळायला सोपा जाईल, असे मला वाटते.

‘महाराजांनी चीनला इस्पितळाचे जहाज पाठवले होते’ हे वाक्य मी लष्करातल्या घरांतून लहानपणापासून ऐकत आलो. चीनमध्ये मोठी साथ आली असेल, माणसे किड्यामुंगीसारखी मरत असतील आणि आपल्या माधवमहाराजांना दया आली असेल, असे चित्र मी मनाशी रंगवले होते. पुढे वाचू लागलो तेव्हा ते पुसावे लागले.

साल १९००. परकीयांच्या वर्चस्वाला विटलेल्या चिनी बॉक्सर बंडखोरांनी पेकिंगमधल्या परकी वकिलातींना वेढा घातला. तो मोडायला आठ राष्ट्रांच्या फौजा गेल्या. इंग्रजांच्या बाजूने गेली ती बहुतांशी हिंदी फौज, जनरल गॅसली यांच्या हाताखाली. १४ ऑगस्टला वेढा उठला आणि मग विजयी फौजांनी शहर लुटले. या मोहिमेसाठी महाराजांनी स्वतःच्या खर्चाने इस्पितळाचे जहाज सज्ज करून दिले. त्याचे नावच ‘ग्वाल्हेर’. महाराज स्वतःही गॅसली यांचे ऑर्डर्ली ऑफिसर म्हणून चीनला गेले. वय होते अवघे तेवीस-चोवीस. म्हणजे जहाज चीनकडे निघाले होते, चिनी माणसाकडे नव्हे.

हे या सभागृहात सांगताना मला थोडे जड जाते. पण महाराजांची बाजूही पाहिली पाहिजे. १८५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला अठ्ठावीस वर्षे इंग्रजांच्या ताब्यात राहिला. तो परत मिळाला १८८६ साली, आणि त्याच वर्षी जयाजीराव गेले. नऊ वर्षांचा मुलगा गादीवर बसला. सत्तावनच्या बंडात शिंद्यांची कंटिंजंट फौज उलटली होती, हे इंग्रज विसरले नव्हते आणि दरबारही विसरला नव्हता. राजनिष्ठा वारंवार दाखवून द्यावी लागे, आणि इस्पितळाचे जहाज हा ती दाखवण्याचा त्यातल्या त्यात निर्मळ मार्ग होता. तोफा देण्यापेक्षा खाटा देणे केव्हाही बरे. त्या काळच्या लढायांत गोळीपेक्षा आजाराने जास्त शिपाई दगावत, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा त्या खाटांवर निजलेल्या माणसाला जहाजाचा उपयोगच झाला.

त्याच वर्षी आपल्याकडे छप्पन्नाचा दुष्काळ होता. माळव्यालाही त्याची झळ बसली. अमेरिकेतल्या ख्रिस्ती वाचकांनी वर्गणी काढून ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून सुमारे पाच हजार टन मका मुंबईला धाडला. जर्मनीच्या कैसरने बर्लिनमध्ये निधी जमवून हिंदुस्थानच्या दुष्काळपीडितांसाठी पाठवला, तो मे महिन्यात. आणि जुलैअखेर चीनला निघालेल्या आपल्या सैनिकांसमोर कोणालाही दया दाखवू नका असे भाषण ठोकले. दोन्ही कृत्ये एकाच माणसाची, तीन महिन्यांच्या आतली. मदतीवरून देणाऱ्याचे मन ओळखायला निघालेल्याने हे उदाहरण जवळ बाळगावे.

१९०१ च्या तहाने चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसला, एकोणचाळीस वर्षांत फेडायचा. अमेरिकेने आपल्या वाट्यात जास्तीची रक्कम धरली होती. १९०८ मध्ये तिने तो जादा भाग परत करायचे ठरवले, पण तो चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकवण्यावर खर्च व्हावा असे योजून. त्यातून १९११ साली पेकिंगला छिंगह्वा ही शाळा निघाली. आज ते जगातल्या नामांकित विद्यापीठांपैकी एक आहे. त्या निर्णयामागे हिशेब नव्हता असे नाही: आपल्याकडे शिकून गेलेले तरुण उद्या व्यापारात आपल्याकडे झुकतील, असे सांगणारे लोक तेव्हा अमेरिकेत होतेच. म्हणजे पैसा मुळात चीनचाच, परत केला तो अटी घालून, आणि हेतू निम्मा दुकानदारीचा. तरी हाती लागले ते विद्यापीठ.

आता महाराजांचे दुसरे जहाज. १९१४ च्या नोव्हेंबरात पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर इंग्रजांनी जी फसलेली चढाई केली, त्या फौजेत ग्वाल्हेरच्या पायदळाची तुकडीही होती. आफ्रिकेशी आपला संबंध आला तो असा, दुसऱ्याच्या लढाईत. त्याच सुमारास महाराजांच्या पुढाकाराने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट विकत घेऊन तिचे हिंदी जखमींसाठी इस्पितळ करण्यात आले. नाव ठेवले ‘लॉयल्टी’. राजनिष्ठा! हेतू लपवायचा प्रश्नच नव्हता, तो जहाजाच्या अंगावर रंगवलेला होता.

युद्ध संपल्यावर ही बोट विकायला निघाली. घेतली कोणी, तर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी. सोलापूरचे वालचंद आमच्या जैन समाजाचे, म्हणून त्यांचे नाव मी जरा अधिक प्रेमाने घेतो, हे कबूल करतो. शिंद्यांची बोट म्हणून कंपनीचे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली आणि इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या दर्यावर हिंदी मालकीची बोट चालू लागली. पुढे दरयुद्धे झाली, नवी कंपनी बुडवण्याचे प्रयत्न झाले. पाच एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो तो या फेरीमुळे. बोट म्हातारीच होती, १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. पण राजनिष्ठेसाठी घेतलेल्या बोटीवरून स्वदेशी जहाजधंदा सुरू झाला. माधवमहाराजांनी हे योजले नव्हते.

हेतू एकीकडे आणि फळ दुसरीकडे, हे इतके स्पष्ट दिसल्यावर मदतीचे मोजमाप करायचे तरी कशाने? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी दानाची प्रत चार गोष्टींवरून ठरते असे सांगितले आहे: देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा. परदेशी मदतीवरची चर्चा मी वाचतो तेव्हा तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे देणाऱ्याच्या मनावर, ढीगभर मजकूर असतो. घेणाऱ्याने काय मागितले होते, हे मात्र शोधावे लागते.

सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण म्हणूनच वेगळे आहे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये आवाहन केले, वर्गणी जमली बावीस हजार रुपये, आणि अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी असे पाच डॉक्टर निघाले. महाराजांच्या जहाजापुढे ही रक्कम काहीच नव्हे. परंतु कोटणीस चिनी भाषा शिकले, तिच्यातून शिकवू लागले, बेथून शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. यातून दोन देशांची मैत्री झाली का? वीस वर्षांनी सीमेवर काय झाले, ते आपण जाणतो. मदतीने मैत्री विकत मिळते ही समजूत दिल्लीची असो, वॉशिंग्टनची असो की मॉस्कोची, ती वारंवार खोटी ठरली आहे. पण कोटणीसांनी शिकवलेले विद्यार्थी तर मागे उरले. आणि १९६३ साली त्याच चीनने आपले पहिले वैद्यकीय पथक आफ्रिकेत, अल्जीरियाला धाडले.

असे आपण आफ्रिकेत पोचलो. तिथली सर्वांत वाईट मदत कोणती, असे विचाराल तर मी झाईरेचे नाव घेईन. १९६५ पासून मोबुतूंच्या हाती पाश्चात्त्यांनी पैसा दिला तो रशियाला अडवण्यासाठी. त्यांनी आपल्या गावी महाल आणि विमानतळ बांधला, देशातले रस्ते रानात गेले. शीतयुद्ध संपताच मदतही आटली. पैसा वाया गेला असे म्हणतात, पण मला ते पटत नाही. ज्या कामासाठी दिला होता ते काम झाले. झाईरेचा शेतकरी त्या कामात धरलेलाच नव्हता, जसा पेकिंगचा रहिवासी ‘ग्वाल्हेर’ जहाजाच्या हिशेबात नव्हता.

आणि सर्वांत चांगली मदत? देवीचे निर्मूलन. होमिओपॅथ असून लसीचे गुण गातो, याबद्दल व्यवसायबंधूंनी रागावू नये. हानेमानने देवीच्या लसीला नावे ठेवलेली नाहीत. तिथेही शीतयुद्ध होतेच. सोव्हिएत युनियनने १९५८ मध्ये ठराव मांडला आणि लस पुरवली, अमेरिकेने माणसे आणि पैसा दिला, आणि दोघांनाही जगापुढे मिरवायचे होते. पण वस्तू अशी होती की ती महालात साठवून ठेवता येत नव्हती. ती दंडावर टोचावीच लागे, आणि टोचणारा बहुधा त्याच मुलखातला असे.

देवीचा निसर्गतः लागण झालेला शेवटचा रोगी सोमालियातल्या मर्का गावी सापडला, १९७७ च्या ऑक्टोबरात. अली माओ मालिन, इस्पितळातला तरुण स्वयंपाकी. सुई दुखेल या भीतीने त्याने लस टाळली होती. तो बरा झाला. पुढे पोलिओच्या मोहिमेत तो गावोगाव हिंडला, आणि कचरणाऱ्या आयाबापांना स्वतःची गोष्ट सांगून मुलांना डोस पाजून घेत राहिला. २०१३ साली सोमालियात पोलिओ परत आला तेव्हा तो पुन्हा कामावर गेला, आणि त्याच वर्षी जुलैत मलेरियाने वारला.