समोरची काच आणि बाजूचा पर्स्पेक्स

ब्रिटनच्या फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी हरिकेन आणि स्पिटफायर विमानांना गोळीरोधक काच मागितली, तेव्हा बैठकीत हशा पिकला. डाउडिंग हसले नाहीत. शिकागोच्या गुंडांच्या मोटारींना अशी काच असते, मग माझ्या वैमानिकांना का नको, असा त्यांचा सवाल होता.

सवाल अगदी रास्त होता. शत्रूच्या बॉम्बरच्या मागे लागलेल्या वैमानिकाला त्या बॉम्बरच्या गनरचा मारा समोरून सोसावा लागे. पुढच्या इंजिनाचा धडाला बराच आडोसा मिळे. डोके मात्र उघडेच राही.

ही काच म्हणजे काचेचे अनेक थर आणि त्यांना धरून ठेवणारे प्लास्टिकचे चिवट पापुद्रे. गोळी आदळली की पहिल्या थराचा चुरा होतो, पण पापुद्रा तो चुरा विखरू देत नाही. प्रत्येक थरात गोळीचा जोर थोडा थोडा जिरतो. शिवाय काच तिरकी बसवली, की तेवढ्याच काचेतून गोळीला अधिक अंतर कापावे लागते. सुरुवातीच्या स्पिटफायरना हे कवच नव्हतेच. मग सुमारे ३८ मिलिमीटर जाडीची काच पुढच्या काचेवर बाहेरून बसवली गेली. तिला हवा अडे आणि थोडा वेग जाई, तरी तो सौदा वाजवीच म्हणायला हवा. पुढच्या आवृत्त्यांत ती आतल्या बाजूला गेली.

हे सगळे समोरच्यापुरते. डोक्यावरची आणि बाजूची झडप मात्र पर्स्पेक्सची, म्हणजे हलक्या, पारदर्शक प्लास्टिकची होती. तिथे गोळी अडत नसे.

ऑगस्ट १९४० मध्ये ६०१ स्क्वाड्रनच्या गॉर्डन क्लीव्हर यांच्या हरिकेनची ही झडप गोळ्यांनी फुटली. डोळ्यांवर गॉगल नव्हता. पर्स्पेक्सच्या कपच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. पॅराशूटमुळे जीव वाचला, पण उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. अशा जखमी वैमानिकांचे डोळे तपासताना नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आले, की या कपच्या डोळ्यात वर्षानुवर्षे राहिल्या तरी डोळा सहसा चिडत नाही. मोतीबिंदू काढल्यावर त्याच जागी याच पदार्थाचे भिंग बसवले तर? नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले. समव्यवसायी डॉक्टरांचा विरोध त्यांना पुढे कित्येक वर्षे झेलावा लागला.

वाचलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा १९८७ साली क्लीव्हर यांनीही असे भिंग बसवून घेतले.