अंगणवाडी सेविका : पात्रता, प्रशिक्षण आणि सवलती (गोंदिया जिल्हा)

गोंदिया जिल्ह्यातील गावागावांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांची पहिली बाई म्हणजे अंगणवाडी सेविका. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा ती कणा आहे. तरी तिची निवड शिक्षिकेसारखी होत नाही. डी.एड.ची अट नाही, शिक्षक पात्रता परीक्षाही नाही. नेमणूक आधी आणि प्रशिक्षण नंतर.

पूर्वी सेविकेला दहावी आणि तिच्या मदतनिसाला सातवी पुरेशी होती. 2 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही अट आली. वयोमर्यादा 18 ते 35; विधवांना 40 पर्यंत सवलत. उमेदवार स्थानिक रहिवासी हवी.

गोंदियात खरी कसोटी लागते ती भाषेची. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील अनेक घरांत गोंडी किंवा हलबी बोलतात, सीमेलगत छत्तीसगडी ऐकू येते, तर तिरोडा, गोरेगाव, आमगाव भागात पोवारी. निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलत असतील, तेथे ती भाषा जाणणारी उमेदवार घ्यावी, अशी तरतूद 2023 च्या याच शासन निर्णयात आहे. घाबरून रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या बोलीत जवळ घेणारी बाई बारावीच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. म्हणून ही तरतूद कागदावर राहता कामा नये.

अंगणवाडीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी फुलवली. पुढे राज्यात सेविकेसाठी ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आला. मे 2023 पासून केंद्राच्या ‘पोषण भी, पढाई भी’ उपक्रमात तिला तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळते. बालशिक्षणासारख्या नाजूक कामासाठी ते फारच अपुरे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. दोन्ही दूरशिक्षणाने, म्हणजे केंद्र बंद न ठेवता.

शहरांतील खासगी नर्सरी-केजीची गोष्ट वेगळी. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटाचा. त्यातील शिक्षक पात्रता परीक्षा पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीच आहे; म्हणून नर्सरी-केजीच्या शिक्षिकांना ती लागू होत नाही.