शेव्हरोले व्होल्ट

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीची, घरच्या विजेवर चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी मोटार. हिचा नमुना जानेवारी २००७ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात मांडला गेला. विक्री डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाली आणि उत्पादन फेब्रुवारी २०१९ मध्ये थांबले. या प्रकारची ही पहिली गाडी नव्हे. चीनच्या बीवायडी कंपनीची एफ३डीएम २००८ च्या अखेरीसच बाजारात आली होती. तरीही चार्जिंग, पल्ला आणि खर्च यांचा हिशेब सामान्य अमेरिकन घरात पोहोचला तो व्होल्टमुळे. कंपनीचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांनी ही कल्पना नेटाने पुढे रेटली.

पहिल्या पिढीतील गाडीत १६ युनिट वीज साठवू शकणारी लिथियम-आयन बॅटरी होती. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची ही बॅटरी जवळपास २०० किलो वजनाची असून ती गाडीच्या मधोमध बसवलेली होती. त्यामुळे मागे तिसऱ्या माणसाला जागाच उरली नाही आणि गाडी चौघांचीच झाली. १६ पैकी साधारण १० युनिटच वापरता येत. बाकीची वीज बॅटरी लवकर थकू नये म्हणून राखून ठेवलेली असे. बॅटरी उतरली की १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन जनरेटर फिरवू लागे. इंजिन फक्त वीज तयार करते, असा प्रचार आधी झाला होता. वेगात असताना ते काही प्रमाणात थेट चाकांनाही जोर देते हे ऑक्टोबर २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा वाहन-पत्रकारांनी बराच गदारोळ केला. गाडी चालवणाऱ्याला मात्र त्याने काहीच फरक पडत नव्हता.

चार्जिंग. अमेरिकेतील साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागत, २४० व्होल्टच्या जोडणीवर सुमारे चार. गाडी रात्रभर दारात उभी राहत असल्याने अनेकांचे साध्या सॉकेटवर भागे आणि वेगळा चार्जर बसवण्याचा खर्च वाचे. गळती धरून एका चार्जिंगला मीटरवर साडेबारा युनिटच्या आसपास वीज पडे. महामार्गावरच्या जलद डीसी चार्जिंगची सोय व्होल्टमध्ये शेवटपर्यंत आली नाही. पेट्रोलची टाकी सोबत असल्यामुळे ती उणीव फारशी भासली नाही. सदनिकेत राहणाऱ्याला, स्वतःचे पार्किंग आणि सॉकेट नसेल तर, या गाडीचा उपयोग जवळजवळ नव्हता.

पल्ला. अमेरिकन पर्यावरण संस्थेच्या मोजणीनुसार २०११ च्या गाडीचा विजेवरचा पल्ला ५६ किलोमीटर आणि पेट्रोलसह एकूण पल्ला सुमारे ६१० किलोमीटर होता. पेट्रोलवर ती लिटरला पावणेसोळा किलोमीटर जाई, तेही महागड्या उच्च ऑक्टेन पेट्रोलवर. दुसऱ्या पिढीत (२०१६) बॅटरी १८.४ युनिटची झाली, विजेवरचा पल्ला ८५ किलोमीटरवर गेला आणि साधे पेट्रोल चालू लागले. हे आकडे बेताच्या हवामानातले. हिवाळ्यात हीटर बॅटरीवरच चालत असल्याने पल्ला चांगलाच घटे. पारा शून्याखाली उतरला, तर बॅटरी भरलेली असूनही इंजिन आपणहून सुरू होई. जाणते मालक निघण्यापूर्वी, गाडी प्लगला असतानाच ती आतून गरम करून घेत.

खर्च. सुरुवातीची किंमत ४१ हजार डॉलर होती. त्यावर साडेसात हजारांपर्यंत केंद्रीय करसवलत मिळे. त्या काळी अमेरिकेत वीज युनिटला साधारण १२ सेंट, तर पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलर होते. म्हणजे विजेवरचे ५६ किलोमीटर दीड डॉलरमध्ये होत. त्याच कंपनीची, त्याच सांगाड्यावरची शेव्हरोले क्रूझ तेवढ्याच अंतराला चार डॉलरहून जास्त पेट्रोल पिई. रोजचे तीन डॉलर वाचले आणि वर्षातले तीनशे दिवस गाडी चालली, तर वर्षाला नऊशे डॉलर हाती राहत. क्रूझ मात्र १७ हजारांपासून मिळत असे. करसवलत धरूनही उरणारा फरक भरून यायला अठरा-एकोणीस वर्षे लागली असती. नवी व्होल्ट घेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हता, हे स्पष्टच म्हणायला हवे. पुढे किंमत पाच हजारांनी उतरली. जुन्या बाजारात गाडी स्वस्तात घेणाऱ्याचे गणित खरोखर जमले.

देखभाल हलकी होती. वेग कमी करताना मोटारच वीज परत बॅटरीत भरत असल्याने ब्रेक कमी झिजत. बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी होती. पण इंजिन असल्याने ऑइल बदलणे चुकत नव्हते. इंजिन फारसे फिरले नाही तरी दोन वर्षांत एकदा ते करावे लागे. काही मालक पेट्रोलला महिनोन्‌महिने हातच लावत नसत. टाकीतले पेट्रोल शिळे होऊ नये म्हणून गाडी मग स्वतःच इंजिन चालवून ते संपवू लागे.

२०११ मध्ये धडक-चाचणी झालेल्या एका व्होल्टने तीन आठवड्यांनी उभ्या जागी पेट घेतला. कंपनीने बॅटरीभोवतीची रचना भक्कम केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सरकारी चौकशी बंद झाली.

अमेरिकेत दीड लाखांहून अधिक व्होल्ट विकल्या गेल्या. युरोपात ती ओपेल अँपेरा या नावानेही मिळे. भारतात ती विक्रीस आली नाही. व्होल्ट घेणारे बहुतेक हौशी होते आणि प्लग लावायला विसरत नसत. पुढच्या काळात युरोपात प्लग-इन गाड्या मोठ्या संख्येने कंपन्यांच्या नावावर, करात सूट मिळते म्हणून घेतल्या गेल्या. पेट्रोलचे बिल कंपनी भरते, विजेचे मात्र घरी येते, अशा चालकाला केबल काढण्याचे कारणच उरत नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतील नोंदींवरून काढलेल्या अहवालात, प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट भरले.